इंग्लिश खाडीची शर्यत आणि तिची पूर्वतयारी

उघड्या पाण्यातील लांब पल्ल्याचे पोहणे, म्हणजे तलावाच्या भिंती, आखीव मार्गिका आणि स्थिर पाणी सोडून नदीत किंवा समुद्रात तासन्‌तास केलेले पोहणे, जगात अनेक ठिकाणी चालत आले आहे. परंतु या खेळाचे नियम आणि त्याच्या पूर्वतयारीची पद्धत मुख्यतः जिथे घडली, ते ठिकाण म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधली इंग्लिश खाडी. डोव्हरजवळ ही खाडी सर्वांत अरुंद होते आणि तेथे दोन किनाऱ्यांमधले सरळ अंतर सुमारे ३३ किलोमीटर भरते. ती पोहून पार करणाऱ्यांच्या चरित्रांत जिद्दीचे आणि बाहुबळाचे वर्णन भरपूर सापडते, आणि ते खोटेही नाही. तथापि गेल्या दीडशे वर्षांतील यशापयशाच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या, तर असे दिसते की बहुतेक वेळा निकाल पाण्यात उतरण्यापूर्वीच निम्मा ठरलेला असतो. कोणत्या तिथीला निघायचे, दिवसाच्या कोणत्या प्रहरी किनारा सोडायचा, थंडी किती आठवडे आधीपासून अंगवळणी पाडायची आणि वाट दाखवणारी नाव कोणाची घ्यायची, हे प्रश्न ज्यांनी नीट सोडवले त्यांना खाडीने वाट दिली. ज्यांचा यांपैकी एखादा हिशेब चुकला, ते कितीही बळकट असले तरी किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातून परत फिरले.

या हिशेबाचे मूळ भरती-ओहोटीत आहे. डोव्हरच्या सामुद्रधुनीत भरतीचे पाणी ईशान्येकडे आणि ओहोटीचे नैर्ऋत्येकडे वाहते, म्हणजे दोन्ही प्रवाह पोहणाऱ्याच्या मार्गाला आडवे जातात आणि साधारण दर सहा तासांनी दिशा पालटतात. त्यामुळे समोरच्या किनाऱ्याकडे तोंड करून सरळ पोहणारा मनुष्य नकाशावर मात्र आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाहत जातो आणि त्याच्या मार्गाची रेषा नागमोडी उमटते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत, हा प्रवाह चांगल्या पोहणाऱ्याच्या वेगालाही मागे टाकतो. कोकणातले दर्यावर्दी ज्याला भांग म्हणतात, त्या अष्टमीच्या आसपासच्या मंद भरती-ओहोटीच्या दिवसांत त्याचा जोर उतरतो, आणि म्हणून खाडी पोहण्याचे दिवस परंपरेने भांगातच धरले जातात. दुसरी अडचण किनाऱ्याच्या आकाराची आहे. फ्रान्सच्या बाजूला काप ग्री ने हे भूशिर समुद्रात पुढे आलेले असून त्याच्या दोन्ही अंगांना किनारा मागे सरकतो. इंग्लंडहून निघालेल्या पोहणाऱ्याला हे भूशिर नेमक्या वेळी गाठता आले नाही, तर प्रवाह त्याला पुढे ओढून नेतो, समोरचा किनारा आणखी दूर होतो आणि अगदी थकलेल्या अवस्थेत त्याला आणखी काही तास पोहावे लागते.

हा अनुभव पहिल्यांदा ज्याच्या वाट्याला आला तो कॅप्टन मॅथ्यू वेब हा व्यापारी जहाजांवर काम केलेला खलाशी होता, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही. वेबने १८७५ च्या उन्हाळ्यात तयारीसाठी जे टप्पे निवडले त्यांत त्याचा दर्यावर्दी पिंड दिसतो. टेम्स नदीत ब्लॅकवॉल ते ग्रेव्हसेंड आणि नंतर समुद्रात डोव्हर ते रॅम्सगेट असे लांबचे पल्ले तो पोहला, आणि या दोन्ही ठिकाणी वाहत्या पाण्याची ओढ कशी वापरून घ्यायची, याचाच सराव त्याला मिळाला. १२ ऑगस्टचा त्याचा पहिला प्रयत्न बिघडलेल्या हवेमुळे अर्ध्यावर सुटला. २४ ऑगस्टला दुपारी एकला चार मिनिटे कमी असताना अंगाला पॉरपॉइज या समुद्री सस्तन प्राण्याचे तेल चोळून त्याने डोव्हरच्या अ‍ॅडमिरल्टी धक्क्यावरून उडी घेतली. तो ब्रेस्टस्ट्रोक पद्धतीने, म्हणजे दोन्ही हात छातीपासून पुढे नेऊन बाजूंना फाकवीत, पोहत होता. सोबतच्या नावेतून त्याला मांसाचा रस, कॉफी, एल ही बिअर आणि ब्रँडी दिली जात होती. जेलीफिशचा दंश सोसूनही त्याची गती टिकली, परंतु फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ प्रवाहाने त्याला सुमारे पाच तास अडवून धरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजून ४१ मिनिटांनी तो कॅलेला लागला. एकूण वेळ २१ तास ४५ मिनिटे झाला. त्यातील अखेरचे तास शक्तीपेक्षा धीराने वाट पाहण्यात गेले, कारण उलटा प्रवाह ओसरेपर्यंत पाण्यात टिकून राहणे एवढेच त्याच्या हाती होते.

वेबनंतर ३६ वर्षे खाडी कोणालाही साधली नाही. टॉमस विल्यम बर्जेस याने १९११ मध्ये, अनेक अपयशी प्रयत्नांनंतर, ती दुसऱ्यांदा पार केली. जेबेझ वुल्फ याने मात्र वीसहून अधिक वेळा प्रयत्न करूनही त्याला दुसरा किनारा कधी लागला नाही. १९२३ मध्ये तिघांना यश आले आणि त्यांपैकी एन्रिके तिराबोची याने फ्रान्सहून इंग्लंडकडे येण्याची दिशा प्रथमच यशस्वी करून दाखवली. ही दिशा पुढे अनेकांनी स्वीकारली, कारण भूशिराच्या टोकावरून निघाले की समोरचा इंग्लंडचा किनारा रुंद पसरलेला असतो आणि प्रवाहाने बाजूला नेले तरी कोठेतरी पाय टेकण्याची शक्यता वाढते.

अमेरिकेची गर्ट्रूड इडरली ६ ऑगस्ट १९२६ रोजी याच दिशेने साडेचौदा तासांहून थोड्या अधिक वेळात पार आली आणि तोवरच्या सर्व पुरुषांपेक्षा तिचा वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी होता. तिच्या यशात क्रॉलचा, म्हणजे एकामागून एक हात डोक्यावरून पुढे टाकून पोहण्याच्या वेगवान पद्धतीचा, वाटा मोठा होता. समुद्रात तासन्‌तास क्रॉल पोहणे शक्य नाही हा तज्ज्ञांचा समज त्या दिवशी मोडला. पण तिच्या तयारीतील एक लहान गोष्ट तितकीच बोलकी आहे. खारे पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिच्या चष्म्याच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या, आणि एका प्रवाहातून दुसऱ्या प्रवाहात जाताना समोरचे दिसत राहणे म्हणजे काय, हे जाणणारा प्रशिक्षक, म्हणजे स्वतः बर्जेस, तिच्याबरोबर नावेत होता.

इडरलीच्या आदल्या वर्षीच्या अपयशाने एक वेगळाच प्रश्न पुढे आणला होता. ऑगस्ट १९२५ मध्ये ती पावणेनऊ तासांच्या सुमारास पाण्यात असताना तिच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाने तिला आधार देण्याची सूचना केली, सोबतच्या पोहणाऱ्याचा हात तिला लागला आणि प्रयत्न तेथेच बाद ठरला. आपण फक्त विश्रांती घेत होतो, असे तिचे म्हणणे होते. पोहणाऱ्याला कोणीही स्पर्श करू नये, त्याने नावेला हात लावू नये आणि दुसऱ्या किनाऱ्यावर आधाराविना पाण्याबाहेर यावे, हे नियम पाळले गेले की नाही हे सांगणार कोण, हा तो प्रश्न होता. १९२७ च्या ऑक्टोबरात त्याला तडकाफडकी उत्तर शोधावे लागले. डोरोथी कॉक्रेन लोगन या डॉक्टर महिलेने खाडी विक्रमी वेळात पार केल्याचे जाहीर करून एका वृत्तपत्राचे १००० पौंडांचे बक्षीस घेतले आणि काही दिवसांतच कबूल केले की मधला बराच वेळ आपण नावेत होतो. पुराव्याशिवाय असा दावा करणे किती सोपे आहे, हे तिला दाखवून द्यायचे होते. याचा सर्वांत मोठा फटका मर्सिडीज ग्लाइट्झ या लंडनच्या टंकलेखिकेला बसला, कारण तिने त्याच महिन्यात प्रामाणिकपणे खाडी पार केली होती आणि तरीही तिच्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. २१ ऑक्टोबरला, पाणी कमालीचे थंड झालेले असताना, ती पुन्हा उतरली. सुमारे दहा तासांनंतर तिला बाहेर काढावे लागले, पण त्या पोहण्याने तिच्या आधीच्या यशाबद्दल शंका उरली नाही. त्याच वर्षी चॅनेल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि प्रत्येक प्रयत्नासोबत एक निरीक्षक नेमण्याची प्रथा रुजली. हा निरीक्षक पाण्याचे तापमान, हवा, दर मिनिटाला हातांच्या फेकी किती, खाणे कधी आणि काय दिले, हे सारे वेळेसह लिहून ठेवतो. या नोंदी मुळात साक्षीसाठी सुरू झाल्या असल्या, तरी पुढच्या पिढ्यांना पूर्वतयारीचे ज्ञान मिळाले ते बव्हंशी त्यांतूनच. एखाद्याच्या फेकी सहाव्या तासाला कशा मंदावल्या आणि नवव्या तासाला त्याचे बोलणे कसे तुटक झाले, हे वाचल्यावरच थंडी शरीरात कोणत्या क्रमाने उतरते याचा अंदाज येतो.

एकट्याने पार जाण्याच्या या परंपरेला शर्यतीचे रूप मिळायला वेळ लागला. लांब पल्ल्याच्या समुद्री शर्यतीचा पहिला मोठा व्यावसायिक प्रयोग अमेरिकेत झाला. जानेवारी १९२७ मध्ये च्युइंगम उद्योजक विल्यम रिग्ली यांनी कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटापासून मुख्य भूमीपर्यंत २५,००० डॉलरची शर्यत ठेवली. १०२ जण उतरले आणि एकच, जॉर्ज यंग हा कॅनडाचा १७ वर्षांचा मुलगा, पोहोचला. इंग्लिश खाडीत मात्र पहिली मोठी शर्यत ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने २२ ऑगस्ट १९५० रोजी घेतली. काप ग्री नेहून निघालेल्या २४ जणांपैकी ९ जण इंग्लंडला पोहोचले. इजिप्तचा हसन अब्देल रहीम याने १० तास ५० मिनिटांत शर्यत जिंकून फ्रान्सच्या जॉर्ज मिशेलचा १९२६ पासूनचा ११ तास ५ मिनिटांचा उच्चांक मोडला, आणि यॉर्कशायरची आयलीन फेंटन ही दुसरा किनारा गाठणारी एकमेव स्त्री ठरली. पुढच्या वर्षीही इजिप्तचाच पोहणारा पहिला आला. १९५३ पासून सुट्टी शिबिरांचे उद्योजक बिली बटलिन यांनी ही शर्यत आपल्याकडे घेतली आणि १९५९ पर्यंत चालवली.

प्रेक्षणीय खेळ म्हणून ही शर्यत फारशी यशस्वी म्हणता येणार नाही. सर्वजण एकत्र निघत असले तरी प्रत्येकाची नाव वेगळी, नावाड्याचा प्रवाहाबद्दलचा अंदाज वेगळा, त्यामुळे तासाभरात पोहणारे विखुरत आणि शेजारच्या स्पर्धकापेक्षा नावाड्याचा निर्णय महत्त्वाचा ठरे. शिवाय एकट्याने प्रयत्न करणारा हवा सुधारेपर्यंत थांबू शकतो. शर्यतीत उतरलेल्याला ठरल्या तारखेला ठरल्या वेळी निघावेच लागते. तरीही या दशकाला केवळ वृत्तपत्री उठाठेव मानणे हा अन्याय आहे. उष्ण प्रदेशांतील पोहणाऱ्यांना थंड समुद्राची दारे उघडली ती याच दशकात, आणि थंडीचा शास्त्रीय अभ्यास झाला तोही याच शर्यतींच्या निमित्ताने.

हा अभ्यास ग्रिफिथ प्यू आणि ओटो एडहोल्म या शरीरशास्त्रज्ञांनी केला. प्यू हे १९५३ च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ होते, आणि दोघांचा खाडीतील पोहणाऱ्यांवरील निबंध १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्यांपैकी जेसन झिरगानोस हा ग्रीक लष्करी अधिकारी अंगाने भरदार होता. ज्या थंड पाण्यात सडपातळ प्यू यांचे स्वतःचे तापमान झपाट्याने घसरून त्यांचे हातपाय निकामी होऊ लागले, तशाच पाण्यात झिरगानोस कितीतरी अधिक काळ पोहत राहिला आणि त्याच्या शरीराच्या आतील उष्णता फारशी उतरली नाही. त्वचेखालील चरबीचा थर उष्णता रोखून धरतो आणि सतत चालणारे स्नायू नवी उष्णता निर्माण करतात. या दोहोंचा मेळ बसला तरच १५ ते १८ अंश सेल्सियसच्या पाण्यात बारा-पंधरा तास निभावता येते, असा या निरीक्षणांचा अर्थ होता. अंगाला चोळलेली चरबी थंडी अडवते हा वेबच्या काळापासूनचा विश्वास यानंतर हळूहळू मागे पडला, आणि आज लॅनोलिन किंवा व्हॅसलीन लावले जाते ते काखेत आणि मानेवर खाऱ्या पाण्याने कातडी सोलवटू नये एवढ्यासाठी. अर्थात शरीराच्या या देणगीलाही मर्यादा आहे: झिरगानोस १९५९ मध्ये आयर्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामधल्या, अधिक थंड असलेल्या नॉर्थ चॅनेलमध्ये पोहताना मरण पावला.

बंगालमधून गेलेल्या पोहणाऱ्यांची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे, कारण ढाक्याच्या बुडीगंगा नदीच्या किंवा कोलकात्याच्या तलावांच्या कोमट पाण्यात वाढलेल्या माणसांना खाडीची थंडी घरी अनुभवण्याची सोय नव्हती. ढाक्याचे ब्रोजेन दास तत्कालीन पाकिस्तानतर्फे ऑगस्ट १९५८ च्या बटलिन शर्यतीत उतरले आणि खाडी पार करणारे पहिले आशियाई म्हणून ओळखले जाऊ लागले. त्या वर्षीची शर्यत ग्रेटा अँडरसन या स्त्रीने पुरुषांसह सर्वांना मागे टाकून जिंकली होती. त्यानंतर महिनाभराने, २७ सप्टेंबर १९५८ रोजी, बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला गेलेले मिहिर सेन आधीच्या अपयशांनंतर १४ तास ४५ मिनिटांत पार गेले आणि हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. सेन इंग्लंडमध्येच राहत असल्यामुळे त्यांना त्या पाण्याची सवय करून घेता आली होती.

आरती साहा यांना ती सोय नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये लहान वयात भाग घेतलेल्या या कोलकात्याच्या मुलीने खाडीची तयारी शहरातल्या देशबंधू पार्कच्या तलावात केली. एप्रिल १९५९ मध्ये ती तेथे सलग आठ तास पोहली आणि पुढे हा काळ सोळा तासांपर्यंत वाढवला. स्थिर, कोमट पाण्यात इतका वेळ पोहून खांद्यांची सहनशक्ती कमावता येते, थंडीची आणि प्रवाहाची मात्र नाही, आणि जुलैअखेर इंग्लंडला निघाल्यानंतर उरलेली तयारी तिला महिन्याभरात उरकावी लागली. २७ ऑगस्टच्या शर्यतीत तिची नाव वेळेवर आली नाही आणि सुमारे चाळीस मिनिटे वाया गेली. जमिनीवर चाळीस मिनिटांचा उशीर भरून काढता येतो. खाडीत तो प्रवाह पालटण्याच्या वेळेशी जोडलेला असतो. इंग्लंडचा किनारा थोड्या मैलांवर राहिला असताना उलटा प्रवाह तिच्यासमोर आला, पुढचे काही तास ती जेमतेम सरकली आणि अखेर तिला पाण्याबाहेर यावे लागले. या अपयशाची कारणमीमांसा तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी केली तेव्हा बळ कमी पडल्याचे कोणाला वाटले नाही; वेळेचा हिशेब हुकला होता. म्हणून घरी न परतता ती महिनाभर तेथेच थांबली, थंड पाण्यात सराव करीत राहिली, आणि एकोणिसावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाल्यावर, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, काप ग्री नेहून पुन्हा निघाली. प्रवाहांनी वळणे घ्यायला लावलेले ४२ मैलांचे अंतर तोडून १६ तास २० मिनिटांनी ती सँडगेटला किनाऱ्यावर आली. खाडी पार करणारी ती पहिली आशियाई स्त्री. शर्यतीतील पराभवानंतरचा तो एक महिना हाच तिच्या चरित्रातील सर्वांत मोलाचा काळ मानायला हवा, कारण पहिल्या प्रयत्नातून नेमके काय शिकायचे हे तिला त्या महिन्यात उमगले.

महाराष्ट्रात या परंपरेचा धागा मुंबईच्या बंदरातून जातो. रायगड जिल्ह्यातील धरमतरची खाडी ते गेटवे ऑफ इंडिया हा सुमारे ३६ किलोमीटरचा पल्ला अंतराने डोव्हरच्या सामुद्रधुनीच्या जवळपास येतो, म्हणून इंग्लिश खाडीची तयारी करणारे अनेक पोहणारे आधी तो पार करतात. खाडीतून बाहेर पडताना ओहोटी साथ देते आणि पुढे बंदरात शिरणाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, त्यामुळे निघण्याची वेळ येथेही भरतीचे वेळापत्रक पाहूनच ठरते आणि पुष्कळदा ती मध्यरात्रीनंतरची असते. अंधारात सोबतच्या नावेचा दिवा न सोडता पोहणे, लाटेवर तरंगत दोरीला बांधलेल्या बाटलीतून पेय घेणे, तोंडात खारे पाणी गेल्यावर येणारी मळमळ सोसणे, ही कामे धरमतरच्या पाण्यात शिकता येतात. बोलण्या-ऐकण्याची अडचण असतानाही १९८० च्या दशकात इंग्लिश खाडी तीनदा पोहलेले मुंबईचे तारानाथ शेणॉय आणि जगातील सात अवघड सामुद्रधुन्यांची ‘ओशन्स सेव्हन’ ही मालिका २०१८ मध्ये पूर्ण करणारे पहिले आशियाई, पुण्याचे रोहन मोरे, हे या पश्चिम किनाऱ्यावरील परंपरेतले ठळक पोहणारे होत. मुंबईच्या समुद्रात जे शिकता येत नाही ते म्हणजे थंडी. त्यासाठी काही आठवडे आधी डोव्हरला जाऊन बंदराच्या आतल्या पाण्यात रोज थोडा थोडा वेळ वाढवीत पोहावे लागते, आणि १६ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यात सलग सहा तास पोहल्याचा दाखला दिल्याखेरीज खाडी पोहण्याची नोंदणीच पक्की होत नाही.

बटलिन यांची शर्यत बंद पडल्यापासून खाडीतील चढाओढ पुन्हा घड्याळाशी आणि प्रवाहाशी होऊ लागली. १९९० च्या दशकापासून फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघण्यास तेथील प्रशासन परवानगी देत नाही, म्हणून सर्व एकेरी प्रयत्न वेबच्याच दिशेने होतात, आणि जगातील सर्वाधिक वर्दळीच्या जलमार्गांपैकी एक असलेल्या या पाण्यात नावाड्याला मालवाहू जहाजांच्या रांगांमधून वाट काढावी लागते. पोशाख अजूनही बाह्या नसलेला साधा, एक टोपी आणि एक चष्मा एवढाच असतो. अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख नियमात बसत नाही. नावाड्याकडे भांगाच्या एखाद्या आठवड्यातील जागा दोन-तीन वर्षे आधी राखून ठेवावी लागते आणि त्या आठवड्यासाठी प्रत्येकाचा क्रमांक ठरलेला असतो. हवा चांगली असेल तर पहिल्या क्रमांकाचा पोहणारा आधी जातो, मग दुसरा. वारा चढला तर सर्वांनाच डोव्हरला थांबून राहावे लागते, आणि आठवडा तसाच सरला तर वर्षानुवर्षे तयारी केलेला पोहणारा पाण्याला पाय न लावता पुढच्या भांगाची जागा मिळते का, याची चौकशी सुरू करतो.